ज्याची वही त्याच्या कपाटात

नागरिकाने एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायची नाही, असा दंडक एस्टोनियात आहे. पाच-पाच झेरॉक्स आणि साक्षांकित प्रतींत उमर घालवलेल्या आपल्याला याचे नवल वाटणारच. ज्या यंत्रणेवर हे चालते तिचे नाव एक्स-रोड. २००१ पासून ती सुरू आहे.

तिच्यात माहितीचे एकही मध्यवर्ती कोठार नाही. लोकसंख्येची नोंद एकीकडे, जमिनीची दुसरीकडे, आजारपणाची तिसरीकडे. प्रत्येक संस्थेच्या दाराशी एक सुरक्षा सर्व्हर असतो. पोलिसाला चालकाचा परवाना तपासायचा असला की प्रश्न सर्व्हरमार्फत जातो. समोरचा सर्व्हर विचारणाऱ्याचा अधिकार पाहतो आणि तेवढेच उत्तर कुलूपबंद करून धाडतो. प्रत्येक निरोपावर डिजिटल मोहोर आणि वेळेची नोंद असते, त्यामुळे ‘आम्ही विचारलेच नव्हते’ असे मागाहून म्हणायची सोय नाही. आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकालाही बऱ्याच बाबतींत घरबसल्या कळते. मला विचाराल तर यंत्रणेवरचा लोकांचा विश्वास टिकला तो या शेवटच्या सोयीमुळे.

ही रचना शहाणपणाइतकीच टंचाईतूनही आली असावी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलेल्या या देशाची लोकवस्ती आज चौदा लाखांच्या आत आहे. पैसा नव्हता, पण माणसे होती. टाल्लिनमध्ये १९६० पासून सायबरनेटिक्सची संशोधन संस्था होती. तिच्यातून निघालेल्या ‘सायबरनेटिका’ने एक्स-रोडच्या सुरक्षेचा गाभा घडवला. १९९६ च्या ‘व्याघ्रझेप’ योजनेने शाळांत संगणक आणि इंटरनेट नेले. २००२ मध्ये चिपचे ओळखपत्र आले. त्याने केलेली सही कायद्याने हातच्या सहीइतकीच ग्राह्य. मग कंपनीची नोंदणीही घरून होऊ लागली. एस्टोनिया म्हटले की लोकांना स्काइप आठवते. ते २०२५ मध्ये बंद पडले; एक्स-रोडला मात्र अजून सुट्टी नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. २००७ मध्ये सायबर हल्ल्यांनी बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे कोलमडली. २०१७ मध्ये तर सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्येच दोष निघाला. सरकारने तो लपवला नाही. स्वतः जाहीर केला, नोव्हेंबरमध्ये धोक्यातली प्रमाणपत्रे स्थगित केली आणि घरूनच ती नवी करून घेण्याची सोय दिली.

एक्स-रोडची संगणकीय संहिता आता सर्वांना खुली आहे. ती सांभाळणारी संस्था एस्टोनिया आणि फिनलंडने मिळून २०१७ मध्ये काढली. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांच्या यंत्रणा एकमेकींना जोडल्या गेल्या.