जलनळांचे गोठणापासून संरक्षण

जलनळांचे गोठणापासून संरक्षण : थंड प्रदेशांतील घरगुती पाणीपुरवठ्याचे नळ हिवाळ्यात गोठून फुटू नयेत यासाठी योजावयाचे उपाय. भारतात हा प्रश्न मुख्यत्वे लडाख, काश्मीर आणि हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांच्या उंच भागांत उद्‌भवतो. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या ‘चिल्ले कलान’ या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत नळ गोठणे ही नेहमीची बाब आहे. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात. परंतु ही थंडी काही तासच टिकत असल्याने नळातील पाणी गोठण्याइतकी उष्णता निघून जात नाही.

फुटण्याचे कारण : गोठताना पाण्याचे घनफळ सु. ९% वाढते व बर्फ नळाची भिंत आतून रेटून फोडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. बर्फ नळाच्या भिंतीपासून आत वाढत असताना विस्थापित झालेले पाणी मुख्य वाहिनीकडे मागे सरकू शकते आणि तोवर दाब फारसा वाढत नाही. बर्फाचा बोळा नळात पूर्णपणे बसला, की मात्र त्याच्या व बंद तोटीच्या दरम्यानचे पाणी कोंडले जाते. बर्फ वाढतच राहिला तर या पाण्यावर दाब येतो. पाणी जवळजवळ असंकोचनीय असल्याने त्याचे घनफळ केवळ १% कमी करण्यासही सु. २२० वातावरण इतका दाब लागतो. घरगुती पुरवठ्यातील दाब सामान्यतः ३ ते ५ वातावरण असतो. दाब वाढला म्हणजे गोठणबिंदू उतरतो हे खरे. परंतु तो १° से.ने उतरण्यास सु. १३५ वातावरण दाब लागत असल्याने, गोठणे आपोआप थांबण्यापूर्वीच नळ किंवा त्याचा सांधा निकामी होतो. नळ पुष्कळदा जेथे गोठला तेथे न फुटता, त्यापासून दूर, बर्फाचा लवलेश नसलेल्या ठिकाणी फुटतो, त्याचे कारण हेच होय.

स्थिर पाणी ०° से.ला लगेच गोठतेच असे नाही. ते काही अंश खालपर्यंत द्रवरूपातच राहते (अतिशीतन) आणि नंतर एकदम गोठू लागते. अशा वेळी फांद्यांसारखे पसरणारे पातळ स्फटिक नळाचा संपूर्ण छेद अल्पावधीत व्यापतात. कॅनडातील आर. आर. गिल्पिन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की थोड्याशाच बर्फाने प्रवाह अडण्यास ही स्फटिकवाढ कारणीभूत होते. इलिनॉय विद्यापीठात १९९६ च्या सुमारास केलेल्या चाचण्यांवरून माळ्यावरील उघड्या नळांच्या बाबतीत बाहेरचे तापमान सु. −७° से. झाले, की सावध व्हावे असे ठरविण्यात आले. फटीतून येणाऱ्या वाऱ्याचा झोत थेट नळावर पडत असल्यास मात्र या मर्यादेवर विसंबता येत नाही.

उपाय : सर्वांत खात्रीचा उपाय घर बांधतानाच योजावा लागतो. जमिनीखालील नळ त्या प्रदेशातील हिमरेषेच्या, म्हणजे जमीन जेथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली टाकतात. अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यात मुख्य वाहिन्या २ मी.हून अधिक खोल असतात. बर्फाचा थर जमिनीची ऊब राखतो. म्हणून बर्फ काढून साफ केलेल्या रस्त्याखाली जमीन अधिक खोलवर गोठते. शिवाय हवा उबदार होऊ लागल्यावरही गोठण काही काळ खाली उतरत राहते आणि वाहिन्या कधीकधी हिवाळ्याच्या अखेरीस गोठतात. घरात नळ बाहेरच्या भिंतीतून न नेता आतल्या भिंतीतून नेतात.

नळाभोवती फेस-रबर, काचलोकर यांसारखे उष्णतानिरोधक द्रव्य गुंडाळण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. निरोधक उष्णता निर्माण करीत नाही. ते केवळ तिच्या जाण्यास विलंब लावते. रात्रभराच्या थंडीत ते पुरेसे ठरते, परंतु आठवडाभर स्थिर राहिलेल्या पाण्याला ते वाचवू शकत नाही. माळ्यावर निरोधकाचा थर नळाच्या व खालच्या खोलीच्या मध्ये घातल्यास खोलीची ऊबच नळापासून तोडली जाते. तो नळाच्या वरून पसरावा लागतो.

तोटी किंचित उघडी ठेवून पाणी ठिबकत ठेवण्याचा जुना उपाय पाणी वाहते राहावे म्हणून करतात, असे मानले जाते. बारीक धारेने थोडी ऊब मिळते. तथापि तिचा खरा उपयोग कोंडलेल्या पाण्याचा दाब मोकळा होण्यात आहे. त्यामुळे बोळा बसल्यावर ठिबकणे थांबले तरी तोटी उघडीच ठेवावी.

घर बंद ठेवावयाचे असल्यास मुख्य झडप बंद करून नळ पूर्ण रिकामे करणे हाच निर्धोक मार्ग होय. याकरिता नळांना उतार व सर्वांत खालच्या ठिकाणी निचऱ्याची तोटी असावी लागते. खोलगट भागात साचून राहिलेले पाणीही नळ फोडण्यास पुरते. विजेवर तापणाऱ्या तारा नळावर बसविता येतात, पण वीज गेली की त्या निरुपयोगी ठरतात. अमेरिकेतील टेक्सस राज्यात फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात ४५ लाखांवर घरांचा वीजपुरवठा खंडित झाला. तापनयंत्रणा बंद पडली आणि सौम्य हिवाळा गृहीत धरून बांधलेल्या घरांतील नळ मोठ्या प्रमाणावर फुटले. ग्लायकॉलासारखी गोठणरोधके तापनयंत्रणेच्या बंदिस्त मंडलात चालतात, पिण्याच्या पाण्यात ती कदापि वापरीत नाहीत.

जस्तलेपित पोलाद, तांबे व कडक पीव्हीसी यांपासून बनविलेले सर्वच नळ फुटतात. आडबंधित पॉलिएथिलिनाचे (पेक्स) नळ ताणले जाऊन बहुधा पूर्ववत होतात, मात्र त्यांचे धातूचे सांधे तडकू शकतात.

गोठलेला नळ वितळविताना तोटी प्रथम उघडतात व तोटीच्या बाजूकडून सुरुवात करून गरम पाण्यात भिजविलेली फडकी किंवा केस वाळविण्याचे यंत्र यांनी हळूहळू उष्णता देतात. मधूनच ऊब दिल्यास दोन बोळ्यांमध्ये पाणी किंवा वाफ कोंडते. उघड्या ज्योतीने डाखाचे सांधे वितळतात आणि आग लागण्याचाही धोका असतो. फुटलेला नळ गोठलेला असेपर्यंत गळत नाही. गळती बर्फ वितळल्यावरच उघडकीस येते, म्हणून वितळविण्यापूर्वी मुख्य झडपेची जागा माहीत करून घेतात व शक्य तर ती बंद ठेवतात.