चपलांच्या कपाटातली बिलं

गेल्या महिन्यात कोथरूडच्या फ्लॅटच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात दिल्या. त्यानं मिळकतकराची थकबाकी नसल्याचा दाखला मागितला, म्हणून जुनी फाइल काढली आणि खपली निघाली.

१९९६ ते २०१२ बद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही तिथंच राहत होतो. मे संपायच्या आत रांगेत उभं राहून पैसे भरायचे, घरी येऊन आमरस खायचा. पुण्यात १९७० पासून मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत होती. ती आपण खातोय, याचाही पत्ता नव्हता.

२०१३ मध्ये बाणेरला गेलो. एजंट म्हणाला, "काका, आता फक्त भाडं मोजायचं." मी मोजत बसलो. बिलं फ्लॅटवरच जात राहिली. २०१६ मध्ये भाडेकरू पोरं गेली, तेव्हा चपलांच्या कपाटात, फाटक्या बुटांखाली दोन वर्षांची बिलं सापडली. एकावर चहाच्या कपाचं गोल. शास्ती महिन्याला दोन टक्के. म्हणजे वर्षाला चोवीस! इतकं व्याज कुठल्या बँकेनं मला कधी दिलं नाही. पोरांना काय बोलणार? कर मालकाचा.

आमच्या सीएनं आणखी मीठ चोळलं. प्राप्तिकरात भाड्यातून मिळकतकर वजा होतो, मग उरलेल्यावर सरसकट ३० टक्के; पण मिळकतकर मालकानं खरोखर भरला, त्याच वर्षी. न भरलेल्या दोन वर्षांची वजावट तेव्हा मिळाली नाही; थकबाकी भरली, त्या वर्षीच मिळाली. वर, भाडेकरू आला की ते चाळीस टक्केही गेले. कर विटांवर नसतो, आत कोण राहतं यावर असतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

पुढं लेखापरीक्षणाच्या आक्षेपानंतर २०१९ मध्ये ती सवलतच अडली. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती परत दिली, आणि ज्यांची गेली होती त्यांच्यासाठी पीटी-३ अर्ज आला: स्वतः राहतो, हा पुरावा. वरच्या मजल्यावरच्या सभासदानं घरात तीन भाडेकरू असताना तो भरला. मलाही म्हणाला, "भरून टाका हो, कोण बघतंय?" मी नाही भरला. त्याचं बिल उतरलं, माझं चढंच राहिलं.

परवा दाखला आला. थकबाकी: निरंक. त्याच्याही बिलावर तेच छापलेलं असतं.