भाच्याला काय उत्तर द्यायचं?

भोईवाड्यातून टाटा हॉस्पिटलकडे चालत गेलं की फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं दिसतात. केमोची तारीख, रिपोर्ट, पुन्हा तारीख. मधला वेळ मोबाइलवर जातो आणि गावाकडून मेसेज येतच राहतात. त्यातला खोटा कसा ओळखायचा, हे मी इथे एकेकाजवळ बसून शिकवते.

लातूरकडच्या एका मावशींनी भाच्याकडून आलेला मेसेज दाखवायला मोबाइल पुढे केला. गरम नारळपाण्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे, आणि नाव टाटाचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचं. हॉस्पिटलनं २०१९ मध्येच हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलंय. पण ते मी आधी सांगत नाही. ‘खोटं आहे’ म्हटलं की मोबाइल पिशवीत जातो आणि नारळपाणी गुपचूप चालू राहतं.

“मावशी, मेसेजच्या वर काय दिसतंय?”

“दोन बाण.”

म्हणजे हा भाच्यानं लिहिलेला नाही, बऱ्याच हातांतून फिरून आलाय. डॉक्टर हे कधी, कुठे बोलले? मावशींनी वर-खाली पाहिलं. तारीख नाही, जागा नाही. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. तिथे त्या स्वतःच थांबल्या. “डॉक्टर असं कशाला म्हणतील? ते तर पेपरवर लिहून देतात.”

ओळखणं इथवर जमतं. अवघड पुढचं. भाचा रोज फोन करतो, औषधाला पैसे धाडतो. त्याला ‘खोटं पाठवू नकोस’ कसं लिहायचं? खोटं रचणारा कुठेतरी लांब असतो, हातात येतं ते मायेच्या माणसाकडून. माझा बराच वेळ या उत्तरावरच जातो आणि तो जायलाच हवा. मावशींनी सांगितलं, मी टाइप केलं: ‘बाळा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, हॉस्पिटलनंच कळवलंय. तू काळजी करतोस ते कळतं. पुढे पाठवू नको.’

मग त्यांनी हळूच विचारलं, “साखरेचंही खोटंच का?” दूध-साखर तोडली की गाठ उपाशी मरते, हे ऐकून त्यांनी नवऱ्याचा चहाच बंद केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या आजाराबद्दल असाच दावा केला, तेव्हा टाटाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून त्याला पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. ते मी वाचून दाखवलं. नवऱ्याचं वजन घटत चाललंय. पुढच्या ओपीडीत विचारायला फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: दूध, साखर, वजन.