डांबरावरची चाकोरी

परवा वर्गात ‘चाकोरी’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला. एकाने सांगितले, “कंटाळवाणे आयुष्य.” दुसरा म्हणाला, “दहा ते पाच नोकरी, सर!” वर्ग हसला. चाकोरीचा चाकाशी काही संबंध आहे, हे मात्र कोणालाच सुचले नाही. मुलांचा काय दोष? बैलगाडी त्यांनी पाहिली आहे कुठे?

बैलगाडीच्या लोखंडी धावांनी कच्च्या वाटेवर पाडलेल्या दोन समांतर चरी, म्हणजे चाकोरी. चाक एकदा तीत पडले की गाडीवान खुशाल डुलकी घेई. बैल आपोआप घर गाठीत.

ही चाकोरी नाहीशी झाली असे मीही समजत होतो. परंतु वाचकहो, ती डांबरी रस्त्यावर येऊन बसली आहे! गेल्या पावसाळ्यात एका चढावर रखडणाऱ्या ट्रकला मागे टाकावे म्हणून मी स्कूटरचे हँडल किंचित वळवले. रस्त्यावर खड्डा एकही नव्हता. तरी पुढचे चाक कशाच्या तरी कडेवरून घसरले आणि मी आडवा झालो. मागची बस चार हातांवर थांबली, म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

गुडघा बरा झाल्यावर एका इंजिनियर स्नेह्याला घेऊन मी तेथे गेलो. त्याने एक सरळ काठी रस्त्यावर आडवी ठेवली. चाकांच्या पट्ट्यात काठीखाली माझी दोन बोटे, एकावर एक, सहज गेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे रस्त्याची जाडी ठरवताना २० मिलिमीटर खोल चाकोरी म्हणजे रस्ता निकामी, असे धरतात.

“डांबर हे घन नव्हेच,” स्नेही म्हणाला, “ते फार घट्ट द्रव आहे.” उन्हाळ्यात ते मऊ पडते. चढावर, सिग्नलपाशी, बसथांब्यावर जड वाहन सावकाश चालते किंवा उभे राहते. तेवढ्या वेळात खडी बाजूला सरकते. रोलर नीट फिरला नसेल, खालच्या भरावात पाणी मुरले असेल, तर विचारूच नका.

आणि वजन! अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकरवी ट्रक फिरवले गेले. त्यातून ढोबळ नियम निघाला, की रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट! पाचवा हिस्सा माल जादा भरला, तरी झीज दुप्पट. आपल्याकडे चार चाकांच्या एका आसाची मर्यादाच २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. तिच्यावर जो चोरून भरतो, तो भाडे खिशात घालतो आणि झीज आपल्या माथी मारतो.

पाऊस पडला की या चरींचे पन्हाळे होतात. रस्त्याचा उतार असूनही पाणी कडेला जात नाही. भरधाव मोटारीचे टायर, त्यातून झिजलेले असले तर लवकरच, त्या पाण्यावर तरंगू लागतात. मग ब्रेकही ऐकत नाही आणि स्टिअरिंगही. दुचाकीला तर पाण्याचीही गरज नाही. चरीची कड पुरते.

उपाय ठाऊक आहेत: जड वाहतुकीला घट्ट डांबर, चढावर व थांब्यांवर काँक्रीट, पुरते दाबकाम, आणि वजनकाट्यावर प्रामाणिक माणूस. यांतला शेवटचा सर्वांत महाग!

खड्ड्याविरुद्ध आपण आरडाओरडा करतो. चाकोरी मुकी असते. तिची तक्रार कोणी करीत नाही. ती करायला हवी. तोवर दिवाळीला गावी निघाल्यावर एवढे करा: पाण्याने भरलेल्या चरीतून वेगाने जाऊ नका, आणि दुचाकीवरून तिची कड ओलांडण्यापूर्वी वेग कमी करा.

मुलांना आता मी चाकोरीचा अर्थ गुडघ्यावरचा वण दाखवून सांगतो. तो ती विसरणार नाहीत!