दारातला गुलाब उपटण्याआधी

लातूरच्या घराच्या फाटकाशी अम्मींनी लावलेला कलमी गुलाब आहे. गेल्या पावसाळ्यात तो इतका माजला, की जुम्याच्या नमाजला निघालेल्या अब्बांचा कुर्ता काट्यांत अडकून फाटला. "आता हे झाड उपटाच," अब्बा म्हणाले.

आमचे हात धजेनात. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला 'जलदूत'ची पहिली खेप पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या दिवसांत अम्मी वुजूचं पाणी टबात धरून या झाडाला घालायच्या. आज अम्मी नाहीत, झाड आहे.

नोकरीमुळे आम्ही नांदेडला असतो. तिथल्या एका रोपवाटिकेतल्या जुन्या माळीमामांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "फुलं येतात का?" दोन वर्षांत एकही नाही, नुसत्या लांबलचक फांद्या. "मग वाढला तो गुलाब नव्हे, खालचा जंगली खुंट," मामा म्हणाले.

कलमी गुलाबाचा डोळा जंगली गुलाबाच्या खुंटावर भरलेला असतो. त्या जोडाच्या खालून निघालेले फुटवे वेळीच काढले नाहीत, तर ते सगळं अन्नपाणी ओढतात आणि वरचा गुलाब दबतो. माती उकरून जोड शोधावा आणि खालचे फुटवे मुळापासून ओढून काढावेत. वरून कापले तर पुन्हा फुटतात. फांदीपासून लावलेल्या गावठी गुलाबाला मात्र ही भानगड नसते.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर करावी. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. जुन्या, जाड खोडांपैकी तिसरा हिस्सा बुडातून कापावा, उरलेली पुढच्या वर्षांसाठी ठेवावीत. बाकीच्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरक्या कापाव्यात. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावावी, बुडाशी कुजलेलं शेणखत घालावं. भर उन्हाळ्यात कडक छाटणी करू नये.

मोकळ्या झालेल्या जागेत काय लावायचं? रोपवाटिकेत सगळीच रोपं वीतभर दिसतात. म्हणून "पूर्ण वाढल्यावर केवढं होईल?" हा प्रश्न आधी विचारावा. बटन गुलाब आणि सदाफुली कुंडीतही आटोपशीर राहतात. मोगरा हिवाळा सरताना छाटला की उन्हाळ्यात भरभरून फुलतो. बुटका एक्झोरा सुंदर दिसतो, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याची पानं पिवळी पडतात. त्याला कुंडीत लाल माती आणि खत द्यावं. मेंदी कात्रीला दाद देते, कुंपणाला उत्तम. बुटकी कण्हेर कमी पाण्यात तगते, पण ती विषारी असते. घरात लहान मुलं किंवा बकरी असेल तर ती नकोच.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही छाटणी केली. अब्बा खुर्ची टाकून बघत होते. खुंटाचे फुटवे काढल्यावर उरल्या जेमतेम चार फांद्या. "मेलं बहुतेक," ते म्हणाले.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचाच फोन आला. तीन कळ्या आल्या होत्या. वुजूचं पाणी टबात धरायला त्यांनी कधी सुरुवात केली, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.