समुद्रातील खोडवा

गलगंड झालेल्या रोग्यास भाजलेल्या स्पंजाची राख द्यावी, असा उपचार युरोपात कित्येक शतके रूढ होता. त्यात काही तथ्य असावे असे वाटून जिनीव्हा येथील वैद्य ज्याँ-फ्रान्स्वा क्वांदे यांनी १८२० साली, राखेतील गुणकारी द्रव्य आयोडीन असले पाहिजे या अनुमानाने, रोग्यांना प्रत्यक्ष आयोडीनच देऊन पाहिले. अनुमान खरे ठरले आणि राखेची गरज सरली. (होमिओपॅथीच्या पेटीत 'स्पाँजिया' अजून नांदते आहे, ती गोष्ट निराळी.) विसाव्या शतकाच्या मध्यास रसायनज्ञ वेर्नर बर्गमन यांनी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून काही अपरिचित न्यूक्लिओसाइडे (जनुकद्रव्याच्या घटकांसारखी संयुगे) वेगळी केली, तेव्हाही असेच घडले: त्यांच्या धर्तीवर रचलेले सायटाराबीन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध कारखान्यात तयार होऊ लागले आणि स्पंज समुद्रातच राहिला.

दोन्ही प्रसंगी व्यवहाराची तऱ्हा एकच होती: स्पंजाने मासला दाखवावा, रसायनशाळेने त्याची नक्कल उतरून घ्यावी आणि मूळ मालकाला रजा द्यावी. परंतु अलीकडे शल्यवैद्यक स्पंजाकडे जे मागत आहे ते एखादे सुटे द्रव्य नसून त्याच्या देहाची वीणच आहे, आणि विणीची नक्कल रेणूच्या नकलेइतकी साध्य नसल्यामुळे मूळ मालकाशी सलोखा ठेवण्यावाचून आता गत्यंतर नाही.

पाटी पुसण्यासाठी किंवा टपालकचेरीत तिकिटे भिजविण्यासाठी पूर्वी जो खरा स्पंज मिळे, तो म्हणजे धुऊन वाळविलेला एका प्राण्याचा सांगाडा. जिवंतपणी या प्राण्याला तोंड नाही, जठर नाही, मज्जातंतू नाहीत. अंगावरील सूक्ष्म रंध्रांतून पाणी आत ओढावे, आतील कशाभिकायुक्त पेशींनी त्यातले जंतू व कण टिपावेत आणि उरलेले पाणी मोठ्या द्वाराने बाहेर सोडावे, एवढाच त्याचा दिनक्रम. पण तो इतक्या नेटाने चालतो की किलोभर स्पंज दिवसाकाठी हजारो लिटर पाणी गाळतो. हा प्रवाह कोठे अडू नये म्हणून त्याच्या देहात लहानमोठ्या, एकमेकींत उघडणाऱ्या वाटांचे जाळे असते, आणि हाडातील पोकळी भरून काढू पाहणाऱ्या शल्यविदाला नेमके असेच जाळे हवे असते, ज्याच्या धाग्याला पेशी चिकटतील आणि ज्याच्या वाटांतून पोषक द्रव त्यांच्यापर्यंत पोहोचेल. २००३ साली साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी स्पंजाच्या तंतुजालावर मानवी अस्थिजनक पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा त्या तेथे चिकटल्या, वाढल्या आणि हाड घडविण्याच्या मार्गाला लागल्या.

सांगाड्याचे द्रव्य मात्र सर्व स्पंजांत एकच नसते. काही स्पंजांचा सांगाडा सिलिकेच्या, म्हणजे एक प्रकारच्या काचेच्या, कंटिकांचा असतो. जी काच माणसाला भट्टीच्या धगीवाचून साधत नाही ती हे प्राणी थंड पाण्यात कशी घडवितात याचा उलगडा १९९८ पासून होऊ लागला. सांता बार्बारा येथील विद्यापीठात कंटिकेच्या गाभ्यातील सिलिकाटीन हे प्रथिन ओळखले गेले ते त्याच साली.

याउलट भूमध्य समुद्रातील काँड्रोसिया रेनिफॉर्मिस या स्पंजात कंटिका मुळीच नाहीत. त्याचे अंग कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाने भरलेले असते. जखमेवरील आच्छादनासाठी लागणारे कोलॅजेन बहुतांशी गाईबैलांच्या व डुकरांच्या कातड्यापासून काढतात, त्याला काहींची धार्मिक हरकत असते, आणि गुरांतील मेंदूच्या रोगाने युरोप हादरल्यापासून वैद्यकीय हरकतही तिला येऊन मिळाली. पर्यायाचा शोध स्पंजापर्यंत पोहोचला तो यामुळे.

तथापि समुद्राला मुबलक समजून त्यावर हात मारण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला स्पंज काढून जगणाऱ्या ग्रीसच्या कॅलिम्नॉस बेटाच्या इतिहासात आहे. १८६० च्या दशकात तेथे पाणबुड्याचा पोशाख आला. माणसे अधिक खोल, अधिक वेळ उतरू लागली, आणि घाईने वर येताना रक्तात उठणाऱ्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी शेकडो तरुण मेले किंवा जन्माचे पंगू झाले. स्पंजांची लूट मात्र थांबली नाही. पुढे १९८६ च्या सुमारास साथ पसरून भूमध्यातील पुष्कळसे स्पंज कुजून गेले.

खरे पाहता या प्राण्याला लुटण्याचे कारणच नव्हते. बुडखा शिल्लक राहिल्यास स्पंज पुन्हा वाढतो, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते; १९०७ साली प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी तर जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या आणि त्या पुन्हा एकत्र येऊन नवा स्पंज घडवितात हे दाखवून दिले. उसाचा खोडवा घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. एड्रियाटिकमधील ह्वार बेटावर १८६० च्या दशकातच प्राणिशास्त्रज्ञ ऑस्कर श्मिट यांनी स्पंजाचे तुकडे लावून वाढविण्याचा प्रयोग आरंभिला होता, व त्याची देखरेख ग्रगुर बुचिच या तेथील तारकचेरीच्या अधिकाऱ्याकडे होती. सरकारी नोकरीतील फावला वेळ याहून बरा लागल्याची उदाहरणे थोडी असतील.

आज भूमध्य समुद्रात काँड्रोसियाची लागवड मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांशेजारी करून पाहिली जात आहे, कारण माशांच्या उरल्यासुरल्या खाद्याने व मलाने गढूळ झालेले पाणी स्पंजाला पोसते आणि स्वतः निवळते. या योजनेत अडचणी नाहीत असे नाही. स्पंजाचे कोलॅजेन साध्या आम्लात विरघळत नसल्याने ते काढण्याची रीत कटकटीची आहे, आणि स्पंजाच्या अंगात वसणाऱ्या असंख्य जीवाणूंपासून ते शुद्ध करणे हे वेगळेच काम आहे. शिवाय काँड्रोसियाला आपल्या कोलॅजेनची ताठरता हवी तेव्हा सैल करता येते. तसे करून तो बसल्या जागेवरून हळूहळू ओघळतो, थेंबासारखा लोंबतो आणि तुटून खाली पडतो. त्यामुळे अंघोळीच्या स्पंजाप्रमाणे त्याचे तुकडे दोरीत ओवून भागत नाही, आणि लागवड करणाऱ्यांना प्रथम त्याला बसवावे कशावर, हेच ठरवावे लागते.