दखनी मातीचा दिग्दर्शक : श्याम बेनेगल

जन्म १४ डिसेंबर १९३४, सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत. वडील छायाचित्रकार, त्यांच्याच कॅमेऱ्यावर बाराव्या वर्षी पहिला लघुपट. उस्मानिया विद्यापीठात अर्थशास्त्राचं शिक्षण, हैदराबाद शहरात फिल्म सोसायटीची स्थापना, मग मुंबईत जाहिरात क्षेत्रातली बरीच वर्षं.

पहिला कथापट ‘अंकुर’ (१९७४). शबाना आझमी यांचंही रुपेरी पदार्पण यातलंच. तेलंगणातली जमीनदारी आणि हैदराबादची दखनी बोली हिंदी पडद्यावर इतक्या खरेपणाने क्वचितच आली असेल. ‘निशांत’, ‘मंडी’, पोचमपल्लीच्या विणकरांवरचा ‘सुस्मन’, पुढे ‘वेल डन अब्बा’: मुंबईत राहूनही ते या मुलखाकडे पुनःपुन्हा वळले.

मराठी साहित्याचं त्यांच्यावरचं ऋण मात्र आपणच फारसं सांगत नाही. ‘भूमिका’ (१९७७) अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला, त्यातल्या अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर तर त्यांनी हिंदीबरोबर तेलुगूतही (‘अनुग्रहम्’) चित्रपट केला.

त्यांच्या ‘मंथन’ चित्रपटाच्या निर्मितीसाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दूरदर्शनवरची त्यांची ‘भारत एक खोज’ मालिका ५३ भागांची. २००५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. निधन २३ डिसेंबर २०२४, मुंबई.